मामंजींची भिंत

३ फेब्रुवारी, सोमवार

घरात बोलायला माणूस आहे, पण उत्तराला एकच शब्द. म्हणून ही वही. लेक फोनवर म्हणते, "आई, तू माझ्याशी बोल ना." बोलते की! पण बोलता बोलता मध्येच तिचं ऑफिस येतं, मग तिचा कुकर येतो, आणि शेवटी "काळजी घे हं" येतं. वहीला कुकर नाही.

तर आज मी ठरवलं. घराच्या पुढच्या भिंतीचा गिलावा काढायचा.

ह्यांचं हे आयुष्यभराचं पालुपद. पाहुणा आला, चहा झाला, की हे त्याला अंगणात नेणार, भिंतीवर बोटानं टकटक करणार आणि सांगणार, "हा वरचा सिमेंटचा थर सोडा हो. आतली वीट बघाल तर बघत राहाल. माझ्या वडिलांच्या हातची. घर एकट्यानं बांधलंय त्यांनी. एकदा निवृत्त झालो ना, की काढतोच हा गिलावा." निवृत्त झाले, तरी काढला नाही. मी आठवण केली की म्हणायचे, "बघू गं, घाई काय आहे?" आणि मग एक दिवस न्हाणीघरात पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तळाशी उरला तो एक "हो".

सकाळी पलंगाशी बसून विचारलं, "पुढचा गिलावा काढून घेऊ या का? मामंजींच्या विटा बघायच्यात ना तुम्हाला?"

"हो," म्हणाले. मग मोठ्यानं, "हो! हो! हो!" डाव्या हातानं पलंगाचा कठडा दणादणा वाजवला. इतक्या महिन्यांत असा उत्साह पाहिला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग माझ्याही आलं. म्हटलं, चला, काहीतरी तर आहे ज्यासाठी ह्यांना उठावंसं वाटतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

गवंडी येऊन गेला. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं, "होऊन जाईल." धूळ आत येईल का? "होऊन जाईल." म्हणजे धूळ की बंदोबस्त, ते देवाला ठाऊक. मी त्याचं नावच होऊन-जाईल ठेवलंय. ह्यांचा "हो" आणि ह्याचा "होऊन जाईल", माझ्या नशिबी सगळे होकारच आले आहेत.

भिंतीवर हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघितलं त्यानं. म्हणाला, "ताई, गिलावा कुणी केलाय? पोकळ आवाज कुठ्ठेच नाही. हात होता माणसाला."

मी ऐटीत सांगितलं, "आमच्या ह्यांनीच. तरुणपणी बापाच्या हाताखाली काम शिकले होते. मामंजी गेले त्याच वर्षी केला, आमच्या लग्नाच्या आधी."

"विटा एवढ्या चांगल्या होत्या, तर झाकल्या कशाला?"

"ओल येत असेल," मी म्हटलं. मला काय माहीत? मी आले तेव्हा भिंत अशीच होती, गुळगुळीत. मामंजींना तर मी पाहिलंही नाही. त्यांचा एकुलता एक फोटो बाहेरच्या खोलीत आहे, जिथे आता ह्यांचा पलंग आहे. पूर्ण झालेल्या घरासमोर उभे आहेत, मागची भिंत धूसर आलीय, उजवा हात डाव्या काखेत घट्ट खुपसलेला, मान ताठ. माणूस ऐटबाज असणार. शेवटी आजारी होते म्हणतात. काय आजार, ते हे कधी बोलले नाहीत.

१० फेब्रुवारी, सोमवार

काम सुरू झालं. बांबूची परांची उभी राहिली, होऊन-जाईल आणि त्याचा जोडीदार वर चढले आणि छिन्नीचा पहिला घाव पडला. आतून ह्यांचा आवाज आला, "हो! हो! हो!" एवढा जोरात की परांचीवरून होऊन-जाईल ओरडला, "काकांना जोर आलाय बघा!" आम्ही सगळे हसलो. मी आत गेले तर हे लालबुंद, डावा हात माझ्याकडे करून नुसतं हो हो चाललंय. म्हटलं, "अहो, चाललंय ना काम, दमाने घ्या." माझा पदर धरून खेचला त्यांनी. किती उतावळेपणा! म्हटलं, थोडं उघडलं की नेते बाहेर बघायला, आता धुळीत कुठे नेऊ तुम्हाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरभर सिमेंटची धूळ. झाडलं तरी जाते कुठे, फक्त जागा बदलते. खिडक्या बंद, आत उकडून जीव नकोसा झालाय.

हे नीट जेवत नाहीत. आज मऊ भात समोर ठेवला तर ताटलीत डावा तळहात घातला आणि भात पसरत बसले. खालून वर न्यायचा, मग गोल फिरवायचा, कडेपर्यंत अगदी सारखा करायचा. आणि माझ्याकडे बघायचं. पुन्हा पसरायचा, पुन्हा बघायचं.

मी वैतागले. "लहान आहात का तुम्ही?"

"हो."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं? हात पुसला, ताटली उचलली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज खालची बाजू मोकळी झाली आणि मी बघतच राहिले. ह्यांनी उगीच बढाई मारली नव्हती. जांभळट लाल विटा, प्रत्येक थर दोरी लावल्यासारखा सरळ, दोन विटांमधल्या दरजा इतक्या बारीक की त्यात नख जाईल न जाईल. कोपऱ्यावर तर एक आडवी, एक उभी अशी वीण जमवली आहे की शिवणकामवालीनं हेवा करावा. मी हात फिरवला भिंतीवरून. म्हटलं, मामंजी, तुमच्या सुनेचा नमस्कार.

रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. समोरच्या घरच्या बाई मुद्दाम आल्या, म्हणाल्या, "काका सांगायचे ते खरंच होतं की!" मी त्यांना आत नेलं ह्यांना भेटायला. कुणी आलं की हे उजवा हात पांघरुणाखाली सारतात आणि तोंड भिंतीकडे करतात. मी हात बाहेर काढून उशीवर ठेवला, डॉक्टरांनीच सांगितलंय हात मोकळा ठेवा म्हणून. "अहो, बघा, ह्या तुमच्या भिंतीचं कौतुक करायला आल्यात. म्हणा, थँक्यू म्हणा." ह्यांनी डोळे मिटून घेतले. दमले असावेत.

वाचाबाई नेमकी तेव्हाच आली. ह्यांना बोलायला शिकवणारी मुलगी, लेकीच्याच वयाची. समोरच्या बाई गेल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, त्यांचा 'हो' म्हणजे हो असेलच असं नाही. तोंडातून तेवढा एकच शब्द सुटतोय. त्यांना नाही म्हणायचं असलं तरी हो-च येईल. त्यांच्या हाताकडे बघा, दोन वस्तू समोर धरून विचारा."

मी म्हटलं, "बाळ, माझी अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. खरखरीतून, अर्ध्या शब्दावरून मी ओळखायचे कुणाला कुठे जोडून हवंय. आणि हा तर माझा नवरा आहे."

तिनं मान डोलावून आपली पिशवी उचलली. मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

काहीतरी भलतंच झालंय.

खिडकीच्या वर गिलावा निघेना. होऊन-जाईलनं मोठी छिन्नी घेतली, मग गिलाव्याबरोबर विटेची भाजलेली कातडीच उचकटून यायला लागली. आतून वीट पिवळट, भुसभुशीत. तो म्हणाला, "ताई, इथं विटांना मुद्दाम खाचा मारल्यात. गिलावा जन्मात सुटू नये म्हणून. आणि थर तरी किती जाड! खाली दोन बोटं, इथं चार."

दुपारपर्यंत वरची बाजू उघडी पडली. आणि काय सांगू! ही भिंत त्याच घराची आहे यावर विश्वास बसेना. थर उजवीकडे उतरत गेलेत. एक वीट पुढे आली आहे, दुसरी आत गेली आहे, दरजा कुठे बोटभर, कुठे नाहीच. विटांमधला माल ओघळून तसाच वाळला आहे. जसजसं वर जावं तसतसं जास्त वाकडं. छताखालचे शेवटचे थर तर बघवत नाहीत.

"इथून वर कुणी दुसऱ्यानंच बांधलंय," होऊन-जाईल म्हणाला.

"दुसरं कोण बांधणार? घर एकट्यानं बांधलंय मामंजींनी!" मी इतकी तडकले की तो एक पायरी वर चढला. तरी मनात आलं, ठेवला असेल कुणी अर्धवट शिकलेला, आणि त्यानं म्हाताऱ्याला फसवलं. असल्या माणसाचे हात धरायला हवे होते.

धूळ बसावी म्हणून होऊन-जाईलनं संध्याकाळी अख्खी भिंत पाइपानं धुऊन काढली. "धुतली की खुलून दिसेल," म्हणाला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज ह्यांना बाहेर नेलं. मन दोन्हीकडे ओढत होतं. वरचं बघून वाईट वाटेल, पण खालचं बघून किती आनंद होईल! शेवटी मीच शब्द दिला होता. खुर्चीत बसवलं, शाल घातली, दाराचा उंबरठा ओलांडताना होऊन-जाईलनं पुढून धरलं. कामाची माणसं, समोरच्या बाई, त्यांचे मिस्टर, सगळे जमले. मी खुर्ची वळवली आणि म्हटलं, "बघा!"

खालच्या विटांकडे त्यांनी बघितलंच नाही. नजर थेट वर गेली. तिथेच राहिली. मग रडायला लागले. आवाज करून, तोंड वाकडं होऊन. मी ह्यांना असं रडताना कधी पाहिलं नाही, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"भरून आलं त्यांना," समोरच्या बाई म्हणाल्या. मी पण तेच म्हटलं. "हो ना? बाबांची आठवण आली ना?" विचारलं.

"हो. हो. हो." आणि डावा तळहात हवेत नेऊन वर-खाली, गोल गोल फिरवायला लागले. समोरच्या मिस्टरांना वाटलं हे निरोप देताहेत, त्यांनीही हात हलवला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

भिंत पाणी प्यायली. कातडी गेलेल्या विटा, त्यांनी ते सगळं पाणी पिऊन आत सोडलंय. ह्यांच्या पलंगाच्या वर भला मोठा ओला डाग उमटला आहे. पलंग हलवला. हे खोकतात. जेवण जवळजवळ नाहीच. मी काही विचारलं तर उत्तर देत नाहीत. "हो"सुद्धा नाही.

होऊन-जाईल दोन दिवस फिरकला नाही, फोनही घेत नाही. लेकीला सांगितलं तर म्हणाली, "आई, हा उद्योग आत्ताच कशाला काढलास?" मी म्हटलं, "त्यांनी हो म्हटलं म्हणून." ती म्हणाली, "आई, बाबा सगळ्यालाच हो म्हणतात." फोन ठेवला.

मग ह्यांच्यापाशी गेले आणि विचारलं, "तुमचं नाव गजलक्ष्मी आहे का?"

"हो," म्हणाले. किती दमलेल्या आवाजात म्हणाले.

त्यांना हसू यायला हवं होतं. मला यायला हवं होतं.

१ मार्च, शनिवार

लिहायला बसवत नाही, पण लिहिते.

आज वाचाबाईनं सांगितलेलं ऐकलं. भरवायचं नाही, चमचा त्यांच्याच डाव्या हातात द्यायचा. सवय नसलेला हात. चमचा वाटीतून निघाला की थरथरत उजवीकडे उतरायचा, तोंडाशी पोचेपर्यंत अर्धा छातीवर. तेवढ्यात फाटक वाजलं, समोरच्या बाई डबा घेऊन आल्या. ह्यांनी चमचा टाकला आणि चटकन डावा हात पांघरुणात खुपसला. आता तोही. दोन्ही हात आत आणि तोंड भिंतीकडे.

आणि माझी नजर त्यांच्या डोक्यावरच्या फोटोवर गेली. मामंजी. उजवा हात काखेत घट्ट दाबून धरलेला.

मी बाईंच्या हातातला डबाही घेतला नाही. चपला न घालता अंगणात गेले आणि वर बघितलं. उजवीकडे उतरत गेलेले थर. वर जावं तसे जास्त वाकडे. दुसरं कुणी आलं नव्हतं हो बांधायला. हात तोच होता. दर थराला तो थोडा थोडा जात होता, आणि म्हातारा तरी शेवटच्या विटेपर्यंत बांधत गेला. मग ते वारले आणि मुलानं विटांना खाचा मारून, चार बोटं जाड गिलावा चढवून ते झाकलं. कुणाला दिसू नये म्हणून. आणि लोकांना टकटक करून सांगत राहिला, आत बघाल तर बघत राहाल. उगाच नाही गिलावा काढायला मुहूर्त मिळत नव्हता.

ताटलीतला भात. हवेतला हात. गिलावा करत होते ते, बया गं! मला सांगत होते, झाक, झाक. आणि मी सगळी गल्ली गोळा करून बघायला उभी केली. भिंतही आणि ह्यांनाही.

मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

२ मार्च, रविवार

होऊन-जाईलला घरी जाऊन गाठलं. म्हटलं, आजच्या आज वरती गिलावा चढव. त्यानं पहिल्यांदाच "होऊन जाईल" म्हटलं नाही. म्हणाला, "ताई, भिंत आतपर्यंत ओली आहे. आत्ता चढवला तर आठवड्यात लादीच्या लादी खाली येईल, वीट घेऊन. कडक उन्हाळा जाऊ द्या वरून. चांगली सुकू द्या." परांचीचे बांबूही त्यानं दुसऱ्या कामावर नेलेत.

घरी येऊन गच्चीवर गेले, घरात होत्या नव्हत्या त्या सगळ्या चादरी कठड्याला बांधून खाली सोडल्या. जरा झाकलं गेलं. मग वारा सुटला. समोरचे मिस्टर खालून ओरडले, "काकू, मागे जागा नाही का वाळत घालायला?" एक चादर उडून त्यांच्याच झाडावर जाऊन बसली. मी गच्चीवर बसून रडले आणि मग उरलेल्या काढून घड्या घातल्या.

ह्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "मला कळलं. उशिरा कळलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "झाकता येत नाही हो आत्ता. मी काय करू?"

"हो," म्हणाले.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर म्हणतात छातीत कफ आहे, खोली बदला. बदलली. औषध वाढवलं. "काकांची इच्छा कमी पडतेय," म्हणाले. इच्छा काय आहे ते मला ठाऊक आहे, पण ती माझ्या हातात नाही.

सकाळी माळ्यावर चढले. एका गोणपाटात गुंडाळलेली ह्यांची गिलाव्याची थापी सापडली, दांडा गुळगुळीत झालेला. होऊन-जाईल अर्धं पोतं सिमेंट आणि वाळू टाकून गेला होता. परसात घमेल्यात माल कालवला. किती पाणी घालायचं मला काय माहीत, पातळ झाला, मग वाळू घातली. वाचाबाई आली होती, तिच्या मदतीनं ह्यांना खुर्चीत बसवून अंगणात आणलं. फाटक आतून लावून घेतलं आणि त्यावर चादर टाकली. ह्या वेळी कुणी बघायला नको होतं.

मी काही विचारलं नाही. एका हातात वर्तमानपत्र धरलं, दुसऱ्या हातात थापी. त्यांचा हात थापीकडे गेला.

खुर्ची भिंतीला टेकवली. त्यांनी वर बघितलं, खूप वेळ. मग थापी घमेल्यात घातली. डावा हात थरथरत होता, अर्धा माल मांडीवर सांडला. उरलेला भिंतीवर चढवला. खालून वर, मग गोल. घसरला. पुन्हा चढवला.

खुर्चीतून हात पोचतो तो खिडकीच्या खालपर्यंतच. वरच्या वाकड्या थरांपर्यंत पोचणार नाही, कधीच नाही. जिथे पोचतो तिथे मामंजींच्या सगळ्यात देखण्या विटा आहेत, दोरीत बसवलेल्या, बारीक दरजांच्या. त्या झाकत चालले होते. वेडावाकडा, उजवीकडे उतरणारा, ढेकळांचा गिलावा. वाचाबाई माझ्याकडे बघायला लागली, "काकू, चांगल्या विटा आहेत त्या…" मी तिला मानेनं गप्प केलं.

ऊन चढलं. त्यांना धाप लागली होती, कपाळ घामानं भिजलं होतं. मी पदरानं पुसलं.

"बास करू या का आता?" सवयीनं तोंडातून गेलं.

"हो," म्हणाले, आणि रिकामी थापी पुन्हा मालासाठी पुढे केली.

मी घमेलं उचलून त्यांच्या मांडीजवळ धरलं.